‘खरा फोटोग्राफर एडिट करत नाही’ : आजीच्या फोटोंपर्यंत पोचलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, आजीच्या फोटोंच्या सगळ्या रॉ फाइल्स उडवल्या. फक्त जेपेग ठेवल्यात. यापुढे जे काही करायचं ते कॅमेऱ्यातच." आवाजात अभिमान होता. (रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, पूर्ण नोंद. जेपेग म्हणजे तिच्यातून कॅमेऱ्याने बनवलेला तयार, लहान फोटो.) असं का केलंस म्हणून विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. ‘खऱ्या फोटोग्राफरचे पाच नियम’ म्हणून फिरतोय तोच. माझ्याकडे तो याआधी चार ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे गेले होते, याचं आता वाईट वाटतंय.

मेसेज म्हणतो : कॅमेऱ्यातून निघतो तोच फोटो खरा, एडिट केलेला खोटा. फिल्मच्या काळात कोणी एडिटिंग करत नव्हतं, विख्यात अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सकडे कुठे सॉफ्टवेअर होतं? एक्सपोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) जमत नाही तेच रॉ वापरतात, म्हणून रॉ बंद करा आणि आहेत त्या फाइल्स काढून टाका. क्रॉप (फोटोच्या कडा कापणं) म्हणजे फ्रेम चुकल्याची कबुली. आणि मॅन्युअल मोड (उजेडाची सेटिंग्ज स्वतः करायचा) न वापरणारा फोटोग्राफरच नव्हे.

तिसऱ्या नियमाने प्रत्यक्ष नुकसान केलंय, म्हणून आधी तोच घेते.

सेन्सरवरच्या (फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चिपवरच्या) प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर असतो. निम्म्यांवर हिरवा, पाव भागावर लाल, पाव भागावर निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच आहे. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल रंग खरोखर मोजणारे पिक्सेल फक्त ६० लाख. उरलेल्या जागांवरचा लाल रंग शेजाऱ्यांवरून हिशेब करून भरला जातो. जेपेग हवा असेल तर हा हिशेब कॅमेराच करतो. मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा समतोल) ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, नॉइज (दाणेदार ठिपके) पुसतो, कडा धारदार करतो आणि फाइल दाबून लहान करतो. हे सगळं एडिटिंगच आहे. ते कॅमेरा बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे, आणि त्यांनी तुमच्या आजीला पाहिलेलं नाही.

आजीचे फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेले. ऑटो व्हाइट बॅलन्स फसला आणि तिचे पांढरेशुभ्र केस हळदीसारखे आले. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, कधीही बदलता येते. जेपेगमध्ये तो रंगांत मुरलेला असतो. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. पिवळ्या उजेडात निळा रंग मुळातच कमी नोंदला जातो. त्या तुटपुंज्या निळ्याला जेपेगमधून वर ओढायला गेलं की गालांवर आणि सावल्यांत डाग उठतात. भाचीच्या फोटोंत उठले. फोटो काढताना तिचा हात चुकला नव्हता, एक्सपोजर नेमकं होतं. तिने फक्त एका अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवला.

रॉ म्हणजे निगेटिव्ह. प्रिंट हातात आली म्हणून निगेटिव्ह जाळून टाका, असा सल्ला फिल्मवाल्या कोणीही दिला नसता.

आता अ‍ॅडम्स. मी स्वतः फिल्मवर शिकले, डार्करूममध्ये तासन्‌तास उभी राहिलेय, त्यामुळे या मुद्द्यावर माझा संयम सुटतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो १९४१ चा. मावळतीचा उजेड कबरींवरच्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होता आणि त्यांना लाइट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं, त्यावरून त्यांनी एक्सपोजर काढलं. एक निगेटिव्ह मिळाली. दुसरीसाठी फिल्मचा होल्डर उलटवेपर्यंत उजेड गेला होता. कॅमेऱ्यातच बरोबर करणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि त्याच निगेटिव्हवर ते पुढे अनेक वर्षं काम करत राहिले. खालचा भाग फिका होता, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी तेवढ्याच भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो गडद केला. या फोटोच्या हजारावर प्रिंट्स त्यांनी काढल्या. कुठे प्रकाश अडवायचा (डॉजिंग), कुठे जास्त द्यायचा (बर्निंग) हे हाताने करत. निगेटिव्हची सरळ प्रिंट काढली तर आकाश फिकट आणि ढगाळ दिसतं. त्यांच्या नंतरच्या प्रिंट्समध्ये ते जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह ही संगीतकाराची स्वरलिपी आणि प्रिंट हे तिचं सादरीकरण, असं ते सांगत. त्यांचंच नाव घेऊन एडिटिंगला पाप ठरवणाऱ्याने त्यांच्याबद्दल एक पानही वाचलेलं नाही.

‘खरा-खोटा’ या पहिल्या नियमात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. बातमीच्या फोटोत वस्तू घालणं किंवा काढणं ही फसवणूकच. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका अशा फेरफारांमुळे बाद झाल्या. पण त्या पकडल्या कशा? कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलशी ताडून. म्हणजे खरेपणाची चाड असणाऱ्याने मूळ फाइल जपायला हवी. हा मेसेज नेमकी तीच काढून टाकायला सांगतो.

आणखी एक मान्य करते, थोडं नाइलाजाने : ‘नंतर बघू’ म्हणून काहीही क्लिक करत सुटणारे खूप आहेत. हललेला फोटो, चुकलेला फोकस, डोक्यातून उगवलेला खांब यांवर रॉ हा उपाय नाही. उजेडाने पार पांढरं पडलेलं कपाळही परत येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं. त्यासाठी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, शटर स्पीड वाढवा, दोन पावलं बाजूला सरका. कॅमेऱ्यामागे घेतलेल्या अशा मेहनतीबद्दल मला आदर आहे. ती एडिटिंगच्या विरोधात उभी करायचं कारणच नाही.

क्रॉपबद्दल एवढंच. क्रॉपला ठाम नकार देणाऱ्या फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा, पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे. आणि मॅन्युअल मोडमध्ये मीटरचा काटा शून्यावर आणून क्लिक करणारा कॅमेऱ्याचंच ऐकत असतो, फक्त चाक स्वतः फिरवतो.

भाचीला मी त्याच रात्री सांगितलं, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढ, त्यावर एकही नवीन फोटो घेऊ नकोस. डिलीट केलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा कार्डावर असते. नशिबाने तिने रॉ फाइल्स कार्डावरूनच उडवल्या होत्या आणि त्यानंतर थोडेच फोटो काढले होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने निम्म्याहून थोड्या अधिक फाइल्स परत दिल्या. रविवारी आम्ही दोघी त्यातला एक फोटो घेऊन बसलो, आजी खिडकीकडे बघतेय तो. व्हाइट बॅलन्स केसांवरून घेतला, चेहऱ्याच्या डाव्या बाजूची सावली जराशी उघडली. बाकी कशाला हात लावला नाही. "अगं, आजी अशीच दिसते," भाची म्हणाली.