चाळिशीतल्या बाईनं बॅले शिकू नये, म्हणे

गेल्या महिन्यात आत्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि मग माझ्याच क्लासमधल्या दोघींनी तो मला पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकून. मजकूर थोडक्यात असा: बॅले लहानपणीच सुरू करावा लागतो. विशीनंतर हाडं पक्की होतात, तेव्हा शिकायला जाणं म्हणजे गुडघे घालवून घेणं. उशिरा शिकून कुणी नर्तक झालेलं नाही. मोठेपणी शिकलेल्यांनी तर क्लास काढून लोकांना फसवू नये. आणि मुळात हे आपलं नव्हे, श्रीमंतांचं फॅड आहे. प्रत्येक आईपर्यंत पोचवा.

मी चौतिसाव्या वर्षी शिकायला लागले, आता एकेचाळिसावं चालू आहे. गेलं दीड वर्ष जुळे सोलापूर भागात शनिवारी सकाळी बारा-चौदा बायकांना शिकवते. मेसेजमध्ये माझं नाव नाही, पण या वर्णनात बसणाऱ्या सोलापुरात आहेत किती?

आधी हाडं. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण खुब्यातून यावं लागतं. खुब्याची खोबण किती खोल आहे, मांडीचं हाड तिच्यात कसं बसलंय, यावर ते किती येणार हे बरंचसं ठरतं, आणि ती ठेवण ज्याची त्याची असते. सात वर्षांच्या मुलीचीसुद्धा. माझी दोन्ही पावलं मिळून जेमतेम काटकोन करतात. फोटोत दिसते तशी सरळ रेघ माझी होत नाही, होणारही नाही.

पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. घरी शहाबादी फरशीच्या सांध्यावर पावलं एका रेघेत लावायची, गुडघे वाकवायचे आणि पावलं न हलवता सरळ व्हायचं. आरशात झकास दिसायचं. दोन महिन्यांत उजव्या गुडघ्याची आतली बाजू जिना चढताना बोलायला लागली. पुण्याला बाई शिकवायच्या, महिन्यातून दोनदा मी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जायची. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, “गुडघा कुठं बघतोय?” खाली पाहिलं तर पाऊल खिडकीकडं आणि गुडघा समोर भिंतीकडं. खुब्यात नसलेलं वळण मी घोट्यातून आणि गुडघ्यातून ओढून आणत होते. असे गुडघे विसाव्या वर्षीही जातात आणि बाराव्या वर्षीही.

आता गंमत बघा. बोटांच्या टोकावर उभं राहायचे ते कडक पॉइंट शूज जाणती शिक्षिका साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी मुलीला देत नाही, तेही काही वर्षांची तयारी पाहून. कारण लहान मुलांच्या पायाची हाडं अजून वाढत असतात. म्हणजे मेसेज ज्या पक्क्या हाडांना घाबरतो, ती थोडी तरी पक्की व्हावीत म्हणून तिथं वाट पाहतात. बाकी स्नायूंची ताकद आणि तोल कोणत्याही वयात वाढतात. लवचीकपणा मात्र उशिरा हळू येतो, हे कबूल. सात वर्षांत माझा पाय कंबरेच्या वर गेलेला नाही.

‘उशिरा शिकून कुणी नर्तक झालेलं नाही’ या मुद्द्यावर मी पूर्वी दोन नावं समोरच्याच्या तोंडावर फेकायची. रशियाचा प्रख्यात बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव १९५५ मध्ये लेनिनग्राडच्या बॅले शाळेत गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. इंग्लंडच्या मॅथ्यू बोर्ननं नृत्याचं शिक्षण घेतलं ते २२ व्या वर्षी. दोन्ही खरं आहे. पण हे उत्तर मी आता देत नाही, कारण ते अर्धवट आहे. नुरेयेव त्याआधी लोकनृत्यात मुरलेला होता, आणि बोर्नचं नाव झालं ते मुख्यतः नृत्यं बसवण्यासाठी. मोठ्या बॅले कंपनीत नर्तक म्हणून उभं राहायचं असेल तर लहानपणीच सुरुवात हवी, इतकं मेसेजचं बरोबर आहे.

पण माझ्या शनिवारच्या क्लासमध्ये कुणाला कंपनीत जायचंय? एक बाई बँकेत आहेत, एकीचं टॉवेलचं दुकान आहे, एक नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या. चाळिशीत गाणं शिकायला बसलेल्या माणसाला ‘तुम्ही भीमसेन होणार नाही’ असं आपण बजावतो का? आणि सोलापूरकरांनी तर हे बोलूच नये. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. तो उंच काठीचा भार तोलत चालण्याचा सराव आधी कित्येक दिवस चालतो, आणि करणारे नोकरीधंद्याचे, पोराबाळांचे बापे असतात. त्यांच्या कंबरेत आणि तळपायात जे चाललेलं असतं, त्याला आमच्याकडं प्लिए, म्हणजे पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवणं, आणि तोल म्हणतात.

आता जो मुद्दा मला खरोखर लागला तो. शिकवण्याचा. रंगमंचावर न नाचलेल्या बाईनं शिकवायचं म्हणजे फसवणूक? शिकवणं हे वेगळं काम आहे. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२० साली सुरू झाली ती बॅले शिकवण्याचा दर्जा सुधारायला, बॅले शिकवणाऱ्यांना वेगळं शिकावं लागतं म्हणून. पण माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात मी उत्साहाच्या भरात सगळ्यांना पूर्ण खाली बसायचे मोठे प्लिए घालायला लावले, आठ आठ, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या दिवशी टॉवेलवाल्या बाईंचा आवाज आला, “मॅडम, जिना उतरता येईना ओ. उलटी उतरले मी.” तेव्हापासून पहिले तीन महिने अर्धाच प्लिए, आणि खुर्चीची पाठ धरून. ग्रिलला धरत नाही, कारण ग्रिल धरलं की माणूस लोंबकळतो.

तोंडानं मोजत स्वतः नाचून दाखवणं वर्षभर जमत नव्हतं. मी त्यांच्याकडं तोंड करून उभी, त्यामुळं माझा उजवा म्हणजे त्यांचा डावा, आणि सगळा वर्ग आपापसात लाथा मारतोय. उड्या अजून शिकवतच नाही. आमचा हॉल खाली काँक्रीट, वर फरशी. उडीला खाली दबणारी लाकडी जमीन लागते, नाहीतर नडग्या दुखतात. प्लायवूड आणि रबरी मॅट टाकून पाहिलं, प्लाय सरकला, विषय संपला. पॉइंट शूजचं कुणी विचारलं तर सरळ नाही. लहान मुलगी घेऊन कुणी आई आली तर तिला पुण्याच्या बाईंचा पत्ता देते. पण पस्तिशीतली बाई टाच उचलताना अंगठ्याकडं कलंडते, तेव्हा तिला काय वाटतंय ते मला चटकन कळतं. मीही काल-परवापर्यंत कलंडत होते.

परकं? बॅले इटलीच्या दरबारांतून फ्रान्सला गेला, चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये त्याची अकादमी काढली, मग रशियानं तो असा उचलला की आता लोक त्यालाच माहेर समजतात. मुंबईत तुषना डल्लास १९६६ पासून शिकवत आल्या. भरतनाट्यम शिकलेली एक मुलगी आमच्याकडं आली, अर्धा प्लिए बघून म्हणाली, “हे अरमंडी आहे की.” अरमंडी म्हणजे भरतनाट्यममधली अर्धी बैठक. अगदी तेच नाही, पण गुडघे बाहेर आणि पाठ ताठ, एवढं तिला सांगावं लागलं नाही.

श्रीमंतांचं म्हणाल तर माझे पहिले सहा महिने बॅलेच्या बुटांशिवाय, नुसत्या मोज्यांवर गेले, आणि क्लासला सगळ्या लेगिंग आणि टी-शर्टवर येतात.

मेसेज लिहिणाऱ्याला सोलापुरातली खरी अडचण माहीतच नाही. ती पाण्याची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही पहाटे आलं की भांडी, बॅरल, टाकी भरेपर्यंत बाई घरातून हलत नाही. म्हणून माझ्या हजेरीच्या वहीत नावापुढं वय नाही, भाग लिहिलेला असतो. या शनिवारी विजापूर रोडवाल्यांचं पाणी आहे, म्हणजे चौघी कमी.