बळ्ळारी नाल्याच्या पाण्यातलं पाकीट

घरच्या ग्रुपवर बेळगावातल्या वडगावच्या आमच्या शेताचा फोटो आला. बळ्ळारी नाल्याचं पाणी उतरलंय आणि भाताच्या रोपांत चिप्सची, गुटख्याची पाकिटं अडकलीत. खाली दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लिहिलं, "आमच्या लोकांना शिस्तच नाही. जर्मनीत असं दिसतंय काय?" तीन आठवडे झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

बारा वर्षं मी श्टुटगार्टला आहे. इथली शिस्त सांगतो. शनिवारी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी मशीनपुढं रांगेत उभा राहतो, कारण एकदाच वापरायच्या प्रत्येक बाटलीत माझे २५ सेंट अडकलेले असतात. २००३ साली कायद्यानं ही अनामत बसवली. त्याआधी १९९१ मध्येच वेष्टनाची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यांवर टाकली होती. दारातला वेष्टनांचा कचरा उचलायचा खर्च आजही कंपन्यांकडून येतो. आधी कायदा आला दादा, शिस्त मागून आली.

आणि हे आपल्याला नवं होतं काय? शहापूरच्या दुकानातून थंड पेयाची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार अनामत ठेवून घ्यायचा. आम्ही पोरं ती बाटली जिवापाड जपून परत द्यायचो. शिस्तीवर कुणी भाषण दिलं नव्हतं.

चिप्सच्या पाकिटाला मात्र परतीची वाटच नाही. भंगारवाला पुठ्ठा घेतो, बाटली घेतो, धुतलेली दुधाची पिशवीही घेतो. हे पाकीट घेत नाही, कारण प्लास्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर त्यात असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत लिहिलं होतं की पुनर्वापर न होणारी अशी बहुपदरी वेष्टनं दोन वर्षांत बंद करायची. २०१८ ला दुरुस्ती झाली: जाळून ऊर्जा मिळत असेल किंवा दुसरा काही उपयोग होत असेल, तर चालेल. एका ओळीत पाकीट सुटलं! कर्नाटकानं २०१६ लाच कॅरीबॅगवर बंदी घातली. दंड भरतो तो किराणावाला. त्याच्या डोक्यावर लोंबणाऱ्या पाकिटांच्या माळेला कुणी हात लावत नाही.

२०२२ पासून कंपन्यांना वेष्टनांचं प्लास्टिक गोळा करण्याचं उद्दिष्ट आहे, पण ते टनांत मोजतात. दोन-चार ग्रॅमचं पाकीट चिखलातून उचलायला वडगावात कोण येणार? ते पाकीट तसं बनवायचं हे ज्यानं ठरवलं, त्याला आधी विचारा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर एका ओळीचं: "तू तिथं बसून आम्हाला काय शिकवूलालास?"

ते लागलं. एक गोष्ट मी लिहिली नव्हती. जर्मनीचा प्लास्टिक कचराही जहाजांतून तुर्कस्तानला, मलेशियाला जातो. माझं म्हणणं लंगडं पडेल म्हणून मी ती लपवली. उताऱ्यावर माझं नाव आहे, पण गुडघाभर चिखलात वाकून ती पाकिटं काकाच वेचतात, आणि फोटो काढून झाल्यावर दादानंही वेचली असणार.

जुलैत येतोय. रोप लावायला माझा उपयोग नाही, हात विसरलेत. पण पाणी उतरलं की पाकिटं मी वेचीन, धुईन, कंपनीप्रमाणे वेगळी करून मोजीन. दादा, वहीत आकडे तू लिही.