लॉनचं पाणी तोडा, माळ्याचं काम तोडू नका

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी खाली गेलं, टँकरचा खर्च वाढला, म्हणून कमिटीने ठराव केला की पावसाळ्यापर्यंत बागेला पाणी बंद. त्याच ठरावात बागेचं कॉन्ट्रॅक्टही थांबवून टाकलं. गेली अकरा वर्षं येणारा माळी दुसऱ्या दिवशी खुरपं, कात्री आणि पाइपाचं भेंडोळं सायकलला बांधून निघून गेला. "जाताना बकुळीच्या बुडाशी वाळलेला पाला पसरून गेला," आई सांगत होती. "म्हणाला, एवढ्यावर जूनपर्यंत तग धरेल."

सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हापासून दोन तट पडले आहेत. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपल्याला हिरवळ कसली हवी, असं एका बाजूचं म्हणणं. झाडं मेली तर पुढचा उन्हाळा आणखी भाजून काढेल, असं दुसरीचं. मध्येच कुणीतरी लिहितं की उसाला वारेमाप पाणी चालतं, मग आमच्या चार झाडांवरच डोळा का? मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेत राहते आणि हीच भांडणं इथे दोन दुष्काळांत ऐकली आहेत. इथे उसाच्या जागी बदाम होता, एवढाच फरक. कॅलिफोर्नियात माणसं जे पाणी वापरतात, त्यातलं सुमारे 80 टक्के शेतीला जातं. तेव्हा तो प्रश्न खोटा नाही, इथलाही नाही आणि आपलाही नाही. पण धरणातून आणलेलं, शुद्ध केलेलं, पिण्याजोगं पाणी गवतावर उडवायचं का, याचं उत्तर ऊस किंवा बदाम देत नाहीत. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

एक हिशेब मी मुद्दाम करून पाहिला. हजार चौरस फुटांच्या लॉनला आठवड्याला एक इंच पाणी द्यायचं तर साधारण 2,350 लिटर लागतं. आपल्याकडे शहरात माणशी रोज 135 लिटर धरतात. म्हणजे एका माणसाचं सतरा दिवसांचं पाणी, आणि पुण्याच्या मे महिन्यात एका इंचावर भागतही नाही. दहा हजार लिटरचा टँकर अशा चार लॉनमध्ये रिकामा होतो. त्यामुळे बंदी नकोच, असं मी म्हणणार नाही. बंदी हवी. ती कशावर घालायची आणि कधी सांगायची, यावर माझं भांडण आहे.

1 एप्रिल 2015 रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडाच्या डोंगरात, जिथे त्या दिवसांत पुरुषभर बर्फ असायला हवा, तिथे कोरड्या गवतावर उभे राहिले आणि शहरांच्या पाण्यात 25 टक्के सक्तीची कपात जाहीर केली. राज्याच्या इतिहासातली अशी ती पहिलीच. डोंगरावरचा बर्फ सरासरीच्या 5 टक्के उरला होता. गावागावाला दरडोई वापराप्रमाणे 4 ते 36 टक्क्यांपर्यंत वेगवेगळं लक्ष्य दिलं गेलं. लॉस एंजेलिसच्या बाजूला लॉन उपटणाऱ्याला चौरस फुटाला 2 डॉलर मिळू लागले आणि लोकांची एवढी झुंबड उडाली की तो निधी काही महिन्यांत आटला. पाणी खरंच वाचलं, राज्यभर 24 टक्क्यांच्या आसपास.

पण आमच्या गल्लीत दर मंगळवारी येणाऱ्या माळ्याचं काय झालं, ते मी जवळून पाहिलं. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेला पन्नाशीचा माणूस. जुना पिकअप ट्रक, त्यात गवत कापायचं मशीन आणि पानं उडवायचं ब्लोअर. घरामागे महिन्याचे ठरलेले पैसे, अशी तीसेक घरं. त्याची सगळी मिळकत गवत वाढण्यावर उभी होती. पाणी कमी झालं, गवत वाढेना, मग लोक म्हणू लागले की दोन आठवड्यांतून एकदाच ये. पुढे लॉन काढून खडी घातली आणि त्याला नकोच म्हणून सांगितलं. लॉन काढून नवी बाग लावायचं मोठं काम त्याला मिळालं असतं, पण तेव्हा इथे पाचशे डॉलरच्या वरचं काम घ्यायला कंत्राटदाराचं लायसन्स लागायचं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. अनुदानाचा पैसा त्याच्या डोळ्यांसमोरून मोठ्या कंपन्यांकडे गेला. वर्षभरात त्याची अकरा घरं सुटली.

झाडांचंही तसंच. लॉनच्या फवाऱ्यांवर वाढलेली मोठी झाडं फवारे बंद झाल्यावर हळूहळू शेंड्याकडून वाळत गेली. गवत थांबवायचं होतं, त्यात झाडं गेली. ही चूक इथल्या सरकारच्या लक्षात आली, पण पुढच्या दुष्काळापर्यंत थांबावं लागलं.

2021 मध्ये आमच्या सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाणी संस्थेने पुन्हा कपात लावली, 2019 च्या तुलनेत 15 टक्के. काउंटीतलं सगळ्यात मोठं अँडरसन धरण भूकंपाच्या धोक्यामुळे आधीच रिकामं करायला लावलं होतं, त्यामुळे ताण दुहेरी. पण या वेळचे नियम वाचले तर फरक कळतो. 2022 मध्ये राज्याने व्यापारी आणि संस्थांच्या आवारातल्या शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी द्यायला बंदी केली, आणि त्याच नियमात लिहिलं की झाडांना पाणी चालेल. मुलं ज्यावर खेळतात ते मैदान वगळलं. म्हणजे नेमकं कोणतं गवत, ते नाव घेऊन सांगितलं.

मग 2022-23 चा हिवाळा आला आणि इतका पाऊस पडला की धरणं काठोकाठ भरली. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं. धरणं भरलेली असताना, ऑक्टोबर 2023 मध्ये, इथे शोभेच्या गवतावरची बंदी कायमची करणारा कायदा झाला. सरकारी जागांना 1 जानेवारी 2027 पासून, दुकानं-ऑफिसांना 2028 पासून, इथल्या आमच्यासारख्या सोसायट्यांच्या सामायिक जागेला 2029 पासून. घरगुती लॉनला तो लागूच नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर हरकत नाही. आमच्या शहरात त्या पाण्याचे पाइप जांभळे असतात, पाहताक्षणी ओळखू येतात.

आमच्या माळ्याला पाच वर्षांची मुदत मिळाली. त्याने ती वापरली. गेल्या शरदात आमच्या दारातली गवताची पट्टी त्याने काढली तेव्हा मी शेजारी उभी होते. त्याने गवत बुडाशी कापलं, त्यावर ओले पुठ्ठे अंथरले, पुठ्ठ्यांवर चार बोटं जाड लाकडाच्या सालीचा थर दिला. मग गुडघ्यावर बसून फवाऱ्याचं एकेक तोंड फिरवून काढलं आणि त्या जागी ठिबकची नळी जोडली. पुठ्ठ्याला चाकूने भोक पाडून सेज आणि डीअर ग्रास ही कमी पाण्यावर जगणारी रोपं बसवली. मी त्याला सांगितलं की या ठिबकवर आमच्याकडे द्राक्षं आणि डाळिंबं पिकतात. एका कोपऱ्यात त्याने बर्म्युडा गवत तसंच ठेवलं. ती आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. "हे मरत नाही, झोपतं," असं तो म्हणाला. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचं बघा. 2015 च्या सप्टेंबरपासून पुण्याला दिवसाआड पाणी होतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. सुनावणीत रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं पाणी मैदानाला वापरू, असं क्रिकेट मंडळाने सुचवलं होतं. पर्याय माहीत होता, पण तो बोलायची वेळ एप्रिलमध्ये आली. मार्च 2024 मध्ये बंगळूरूने बागेला, गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरल्यास 5,000 रुपये दंड लावला, तोही नळ कोरडे पडल्यावर. आपला प्रत्येक नियम असा चटके बसल्यावर येतो आणि जुलैत पहिला दमदार पाऊस झाला की कुणाला आठवतही नाही.

यात मरतो तो नर्सरीवाला. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यात माझ्या आत्तेभावाची छोटी नर्सरी आहे. तिथला सगळा धंदा जूनवर चालतो. पावसाला विकायची रोपं मार्च ते मे पिशव्यांत वाढवावी लागतात आणि पिशवीतली मूठभर माती उन्हाळ्यात दिवसाआड पाण्यावर ओली राहत नाही. एप्रिलमध्ये सोसायट्यांनी बागांना पाणी बंद केलं की जूनच्या ऑर्डरीही रद्द होतात, तोवर रोपावरचा सगळा खर्च करून झालेला असतो. "आधी कळलं असतं तर लॉन केलंच नसतं, करंज, बहावा, कण्हेर वाढवली असती," असं तो म्हणतो. त्याला कुणी सप्टेंबरमध्ये विचारत नाही.

लांब बसून सल्ला देणं सोपं असतं, हे कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. टँकरच्या रांगेत मी उभी नाही, आई उभी आहे. तरीही माळ्याला काढून पाणी वाचतं हे मला पटत नाही. सोसायटीतलं पाणी गवत पितं. ते गवत काढून ठिबक घालणं, आच्छादन करणं, कोणतं झाड आठवड्याला एका बादलीवर जगतं आणि कोणतं नाही हे ओळखणं, हे सगळं माळ्यालाच येतं. ज्या उन्हाळ्यात त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच उन्हाळ्यात आपण त्याला घरी बसवतो. आमच्या सोसायटीला स्वतःचा सांडपाणी प्रकल्प आहे. ते पाणी शुद्ध होऊन गटारात जातं आणि बागेसाठी टँकर येत होता, हे मला या वर्षी कळलं आणि फार वाईट वाटलं.

कमिटीला मी पत्र लिहिलं आहे. क्लबहाऊससमोरचं लॉन येत्या पावसाळ्यात काढायचं, प्रकल्पाच्या पाण्याची एक लाइन झाडांपर्यंत न्यायची, आणि हे काम त्याच माळ्याला द्यायचं. विषय जुलैच्या सभेत घ्या, पाऊस पडत असताना घ्या, अशी विनंती केली आहे. आईने त्याचा नंबर वॉचमनकडून मिळवून ठेवला आहे. बकुळीला ती रोज भांडी विसळलेलं एक बादली पाणी घालते.