ओळखीचं काहीतरी म्हण की!

यंदाच्या गणपतीत माझ्या भाच्याला आमच्या गल्लीतल्या मंडळानं अर्धा तास दिला. फुकट, पण दिला. पोरगं सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून गाणी करतं. माइकचे हप्ते अजून चालू आहेत. पहिलं गाणं आमच्या दाजींवरचं, म्हणजे त्याच्या वडिलांवरचं. दाजी मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवतात. बनियन कितीही घासली तरी पिवळी ती पिवळीच, अशी एक ओळ आहे त्यात. मला तरी काटा आला. पब्लिक गप्प. दुसरं गाणं निम्म्यावर आलं आणि मागनं आवाज आला, "भावा, ओळखीचं काहीतरी म्हण की!" तिसऱ्याच्या आत डॉल्बी लागला.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. "भारतात इंडी संगीताला सुगीचे दिवस" असं रोज कुणीतरी लिहितं, इंडी म्हणजे सिनेमाबाहेरचं, कलाकाराचं स्वतःचं गाणं, आणि खोटं नाही ते. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड १९९० पासून स्वतःच्या गाण्यांवर उभा आहे. दिल्लीचाच ब्लडीवूड ढोल आणि मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक, एकत्र करून २०१९ ला जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवाच्या स्टेजवर गेला. केरळचा थैक्कुडम ब्रिज, शिलाँगचा ब्लूज वाजवणारा सोलमेट, चेन्नईचा कास्टलेस कलेक्टिव्ह, यातल्या एकाचा बाज दुसऱ्यासारखा नाही. मराठीतही हालचाल आहे. अभंग रिपोस्ट गिटार-ड्रम्सवर अभंग म्हणतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, आपली बोली न लपवता रॅप करतो. क्रेटेक्स आणि श्रेयसचं मराठी हाऊस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाचाचं, गाणं २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीनं काढलं. कोण म्हणतं मराठी चालत नाही?

पण सांगलीत माणूस स्वतःचं गाणं घेऊन उभा कुठं राहणार, ते सांगा. लग्नात ऑर्केस्ट्रा, मिरवणुकीत डॉल्बी. त्याआधी बेंजो होता. आमच्याकडचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाला, त्या बटणांच्या तारवाद्याला, पिकअप (तारांचा आवाज उचलणारा माइक) लावून मोठ्या स्पीकरवर सोडलेला. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरवर फिरावीत तशी बटणांवर फिरायची. (बेंजोवालेही सिनेमाचीच गाणी वाजवायचे, उगीच त्यांना स्वतंत्र कलाकार ठरवत नाही. पण निदान माणसं वाजवत होती.)

"सांगलीला टेस्टच नाही," असं पुण्याला गेलेली आपलीच पोरं म्हणतात. त्यांनी एकदा मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला बसावं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं तिथं रात्र-रात्र गाणं चालतं. गायक हजेरी लावायला येतात. ऐकणारा जमिनीवर मांडी घालून बसतो आणि समोरचा जे गाईल ते ऐकतो. नाव कधी न ऐकलेला पोरगा असला तरी. "ओळखीचं म्हण" म्हणायची तिथं कुणाची छाती होत नाही. ऐकायची ही सवय आपल्याच जिल्ह्यातली, आपल्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवरची. ती गल्लीच्या मांडवापर्यंत का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

भाचा मला एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेला होता. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती गल्ली. एक म्हातारबाबा तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा आवाज खुलवत होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवायची, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, छेडायचं, मान हलवायची, परत कानस. अर्धा तास तार नुसती ठणठणत होती. मग एकदम आवाज उघडला, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. भाच्यानं ते सगळं मोबाईलवर घेतलं, कानशीच्या खरखरीसकट. हळदीच्या गाण्याखाली जो गुंगाट आहे ना, तो हाच. मंडळाच्या स्पीकरवर तो कुणाला ऐकूच गेला नाही.

पैशाचं विचारू नका. स्पॉटिफायवर गाणं वर्षात हजारदा ऐकलं गेल्याशिवाय त्याचा हिशेबच धरत नाहीत, हा २०२४ पासूनचा नियम. भाच्याचं गाणं चारशेवर अडकलंय. त्यातले चाळीस तर मीच असेन. मी म्हटलं, "अरे, एखादं सिनेमातलं घे मध्ये, लोक थांबतील." तर म्हणतो, "मामा, मग माझं कधी म्हणू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून ठरवलंय. कोजागिरीला रात्री नऊला आमच्या गच्चीवर भाचा आणि त्याचे दोन दोस्त गाणार. एक तास, सगळी स्वतःची गाणी. फर्माईश चालणार नाही, चिठ्ठी पाठवली तरी वाचणार नाही. मसाला दूध घरचं. दाजी गणपतीत रात्रपाळीला होते, त्यांनी गाणं अजून ऐकलेलं नाही. त्यांची खुर्ची पुढं ठेवलीय. मांडववाल्याला तीस खुर्च्या सांगितल्यात, जास्त आलात तर घरनं चटई आणा.