दोन टनी हिरवा बेल्ट कापला, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडचा, क्रेनने माल उचलायचा दोन टनी हिरवा बेल्ट आठ महिन्यांत दशा निघून गेला, आणि बदलून मागायला आलात तर मी तो तुमच्यादेखत कापला. दोन्ही खरं आहे. बेल्ट तुमचा होता, न विचारता कात्री लावली ही माझी चूक, माफी मागतो. पण तो पुन्हा क्रेनच्या हुकात जाऊ द्यायला माझं मन आजही धजणार नाही.

काउंटरवर बेल्ट आला की मी आधी टॅग शोधतो. तुमच्या निळ्या टॅगची फक्त शिवण उरली होती. हिरवा रंग दोन टन सांगतो, हे बरोबर. पण निळा टॅग म्हणजे पॉलिएस्टर, आणि लांबी, नंबर त्यावरच असतात. वर्षातून एकदा तपासणी लागते, तेव्हा तपासणारा तोच नंबर विचारतो. टॅग गेलेला बेल्ट धड दिसला तरी कामातून काढायचा.

आणि हा धडही नव्हता. एक बाजू उन्हाने पिस्त्यासारखी फिकी पडलेली, तर एका डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या शिवलेल्या वेढ्यापाशी, हातभर पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक. दुमडला तर पांढरी पूड पडली. पावडर कोटिंगच्या आधी जॉब, म्हणजे रंगवायचा माल, कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सोडतो, असं तुम्हीच म्हणालात. तिथंच घात झाला. पॉलिएस्टर ॲसिड बऱ्यापैकी सोसतं, पण कॉस्टिक त्याला खातं, गरम असेल तर फारच लवकर. नायलॉनचं याच्या उलट. बेल्ट विकताना तुमच्या टाकीत काय असतं हे मी विचारायला हवं होतं.

‘सातपट ताकद असते ना, म्हणजे 14 टन’, असं तुम्ही लिहिलंय. ते नव्या बेल्टचं. ती शिल्लक झटक्यांसाठी आणि झिजेसाठी असते, वापरायला नाही. फास मारून, म्हणजे बेल्ट त्याच्याच डोळ्यातून ओवून, उचललंत तर नवाकोरा दोन टनीसुद्धा 1600 किलोच धरायचा. तुमच्या शॉपवर खाली माणसं उभी असतात, मी पाहिलंय.

माल उचलायच्या जाळीसोबत वापराचा कागद मिळाला नाही, ही तक्रार मान्य. आता बिलाबरोबरच देतो. तोवर एवढं करा: बेल्ट आणि जाळी खिडकीच्या गजाला नको, सावलीत खुंटीवर टांगा. मळलं तर साध्या पाण्याने धुवा, हीटरसमोर वाळवू नका. लांबी कमी करायला गाठ मारू नका. माल खाली ठेवला की दबलेला बेल्ट ओढून काढू नका, आधी ठोकळे घाला.

फुकट बदलून देणार नाही, कारण माल खराब नव्हता. पण तुमच्याकडचे बाकीचे बेल्ट येऊन तपासून देईन, पैसे नकोत. टाकीच्या कामाला काय लावायचं तेही तिथंच बघू. गुरुवार सोडून कधीही भोसरीला या. कापलेले दोन्ही तुकडे ठेवलेत, आतले धागे स्वतः बघा.