पोपटीचं मडकं उपडं का घालतात?

रायगडात थंडीत वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भरतात आणि भोवती जाळ करून शिजवतात, ती पोपटी. चहाच्या टपरीवर पेणकर, सोलापूरकर, मास्तर आणि डोंबिवलीकर तिच्याबद्दल बोलत होते. वाद पेटला तो डोंबिवलीकराच्या एका वाक्यावरून. "पोपटी म्हणजे आपलं गावठी बार्बेक्यूच की. गच्चीवर शेगडी आहे, कोळसा आहे, मडकं ठेवू त्यावर."

पेणकराने चहाचा ग्लास खाली ठेवला. पुढे तासभर टपरीसमोर जे बोलणं झालं ते इथे उतरवून ठेवतोय. या जानेवारीत पोपटी लावायचा विचार असलेल्यांच्या कामाला येईल.

"पहिली गोष्ट," पेणकर म्हणाला, "बार्बेक्यूत पदार्थ उघडा असतो. खाली निखारे, वर जाळी, कोरडी धग. ओलावा उडून जातो म्हणून तर वरून खरपूस होतं. पोपटीत एक थेंब पाणी घालत नाही, तरी ती वाफेवर शिजते. शेंगांचं पाणी, पाल्याचं पाणी, तेवढ्यावर सगळा खेळ. दोन्हींच्या रीती उलट्या आहेत. एकाचं ज्ञान दुसऱ्याला लावलंस की दोन्ही बिघडतात."

"मग मडकं उपडं कशाला? तीन दगडांवर सरळ ठेवलं तर काय बिघडलं?"

याचं उत्तर मास्तरांनी दिलं. "वाफ वर जाते. मडकं सरळ ठेवलंस तर तोंड वर येतं आणि वाफ पाल्यातून निघून जाते. पंधरा-वीस मिनिटांत आतलं पाणी संपतं आणि बुडाशी करपायला लागतं. उपडं घातलं की वरची बाजू बंद. वाफ घुमटात कोंडावी तशी आत कोंडून राहते. तोंड खाली, पाल्याने गच्च भरलेलं, जमिनीला टेकलेलं. तिथून वाफ निघते, पण सावकाश. आणि आत ओल आहे तोवर आतली उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. बाहेर एवढा जाळ असूनही शेंग जळत नाही ती त्यामुळे."

"म्हणजे जाळ वाढवून पोपटी लवकर होणार नाही?"

"पोपटी होणार नाही, मडकं तडकेल."

इथे सगळे थोडे सरसावून बसले, कारण फुटलेल्या मडक्यांची कारणं प्रत्येकाला आपापली माहीत होती. सोलापूरकराचं म्हणणं, मडकं नवंकोरंच हवं. पेणकराला ते पुरेसं वाटत नव्हतं. नवं असो की जुनं, ते कोरडं हवं. वर्षभर पाणी भरलेला माठ घेतला तर मातीच्या अंगात ओल मुरलेली असते. धग लागताच त्या ओलीची वाफ होते आणि खापरी सुटते. दोन दिवस उन्हात वाळवायचं. बूड गोल हवं. सपाट बुडाच्या कडेला ताण येतो आणि चीर तिथूनच जाते. तोटीसाठी भोक पाडलेला माठ, रंगवलेली शोभेची मडकी, चकचकीत लेप दिलेली मडकी यातलं काही चालत नाही. घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. टणटणीत आवाज आला तर घ्यायचं, भद्द आवाज आला तर आत बारीक चीर असते, डोळ्यांना ती दिसत नाही.

"दहा माणसांना किती मोठं?"

"साधारण १५ लिटरचं. अडीच-तीन किलो वालाच्या शेंगा, किलोभर लहान बटाटे, अर्धा किलो रताळी, डझनभर अंडी, आणि घालणार असाल तर किलोभर कोंबडी. मडकं दाबून भरलं पाहिजे. मोकळं राहिलं तर उपडं करताना सगळं घसरतं, अंडी फुटतात."

शेंगांवर पेणकर बराच वेळ बोलला आणि ते योग्यच होतं, कारण पोपटीचा जीव शेंगेत आहे. भात कापल्यावर रायगडात त्याच खाचरांत जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वर पाऊस नाही, पाटाचं पाणीही नाही. या वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस आले, म्हणजे डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. शेंग घ्यायची ती दाणा भरलेली पण साल अजून हिरवी, मऊ असलेली. चपटी कोवळी शेंग आत जाऊन नुसती लिबलिबीत होते, खायला दाणाच मिळत नाही. पिवळी पडलेली घेतली तर दाणा तासाभरानेही पिठूळच लागतो. शेंगा मोडायच्या नाहीत, सोलायच्या नाहीत. धुवायच्या आणि किडकी तेवढी बाजूला काढायची. धुतलेलं पाणी पुसत बसू नका, तेवढी ओल हवीच असते.

"आणि भांबुर्डा?" डोंबिवलीकराने विचारलं. "तो आमच्याकडे मिळत नाही. केळीचं पान वापरलं तर?"

खरी जुंपली ती इथे. भांबुर्डा, कुठे कुठे भामरूड म्हणतात, ही शेताच्या बांधावर आणि पडीक जागेत थंडीत आपोआप उगवणारी वनस्पती. पानं मऊ, लवदार. चुरगळली की उग्र, औषधी वास हाताला दिवसभर राहतो. तिला कोणी लावत नाही, तण म्हणूनच ती ओळखली जाते. पेणकराच्या मते भांबुर्डा नसेल तर त्याला पोपटी म्हणू नये. उकडलेल्या शेंगा म्हणा आणि खा.

मास्तरांनी मध्यम मार्ग काढला. पाला तीन कामं करतो. ओल देतो. शेंग आणि तापलेली खापरी यांच्यात अस्तर होतो. आणि वास देतो. पहिली दोन कामं केळीचं पान, कोबीची बाहेरची पानं चांगली करतात. तिसरं काम कोणीच करत नाही. पानओवा घातला तर चव चांगली येते, पण ती वेगळी. पेणकर एवढ्यावरही राजी नव्हता. शेवटी ठरलं असं की पाला पेणकर आणेल, रस्त्याकडेचा आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचा सोडून. नवख्या माणसाने नुसत्या फोटोवरून ओळखून पाला तोडू नये, माहीतगार सोबत हवा, यावर मात्र दुमत नव्हतं.

भरण्याची रीत अशी. मडक्याच्या बुडाशी चार बोटं पाला दाबून घालायचा, कडेनेही लावत वर यायचं. मग शेंगांचा थर, त्यावर खडे मीठ आणि ओवा. दहा माणसांच्या मडक्याला मूठभर खडे मीठ आणि ४०-५० ग्रॅम ओवा पुरतो, थराथरात वाटून. ओवा चवीला तर आहेच, वालाने पोट गुबारतं त्यालाही तो हवा. बारीक मीठ घालू नये, ते एका जागी विरघळतं आणि चार शेंगा खारट, बाकीच्या अळणी होतात. बटाट्याला एक उभी चीर पाडून मीठ-ओवा भरायचा आणि बटाटे कडेच्या बाजूला ठेवायचे, कारण त्यांना धग जास्त लागते. अंडी मधोमध, चारी बाजूंनी शेंगांची गादी करून. फ्रीजमधून काढलेलं थंड अंडं तसंच घातलं तर तडकतं, दोन-तीन तास आधी बाहेर काढून ठेवायचं. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा. तोंडाशी पाल्याचा बोळा इतका घट्ट की मडकं उलटं धरून हलवलं तरी काही सरकता कामा नये.

कोंबडीवर डोंबिवलीकर अडून बसला. त्याच्या मसाल्यात दही, तेल आणि थोडा मध. "जाळीवर याच मसाल्याने मस्त रंग येतो."

"जाळीवर येतो," पेणकर म्हणाला. "मध तिथेही शेवटच्या पाच मिनिटांत लावायचा, आधी लावलास तर साखर जळून कडू होते. पण मडक्यात रंग यायचाच नाही, तिथे वाफ आहे. दह्याचं पाणी सुटून खालच्या शेंगा आंबूस होतात. इथे हिरवं वाटण. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू, मीठ. तेल नको. आणि तुकडे लहान, दोन घासांचे. जाळीवर तू मांडी उलटून बघतोस, सुरी खुपसून बघतोस. मडकं मध्येच उघडता येत नाही. एकदा उघडलंस की वाफ गेली, संपलं. म्हणून जे काय ते आधीच नीट करायचं."

केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करायचं, म्हणजे घडी घालताना चिरत नाही. दोन मुठी कोंबडी एका पुडीत, केळीच्याच सोपटाने बांधायची. याहून जाड पुडी केली तर मधला तुकडा कच्चा राहतो. मास्तरांनी यावर जोर दिला. कोंबडीचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. मडकं उघडल्यावर आधी मधली पुडी सोडून हाडाजवळ बघायचं. रस गुलाबी दिसला तर ती कोंबडी परत मडक्यात टाकायची नाही. कढईत झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं शिजवायची. आणि ज्या शेंगांवर तो कच्चा रस सांडलाय त्याही त्याच कढईत.

जाळाचं सोलापूरकराला विचारलं, कारण हुरड्याच्या आगटीवर त्याचा हात बसलेला. त्याने आधी फरक सांगितला. हुरड्याला जाळ अजिबात नको. अर्धा फूट खड्डा, गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल इंगळ होऊ द्यायचा, मग ज्वारीचं कणीस त्यात खुपसून दीड-दोन मिनिटं फिरवायचं. ज्वाळा असताना घातलं तर वरची कुसं पेट घेतात आणि दाण्याला धूर लागतो. पोपटीला मात्र जाळ हवा, आणि तो चहूबाजूंनी सारखा. उथळ, पसरट खड्डा, त्यात मडकं उपडं. भोवती गोवऱ्या उभ्या टेकवायच्या, त्यावर मनगटाएवढ्या जाडीची सुकी लाकडं, सगळ्यात वर पेंढा. नुसता पेंढा पाच मिनिटांत भडकून विझतो. बाभळीचा मोठा ओंडका ठेवला तर तो एकाच जागी धग देतो, आणि जळता जळता कलंडून मडक्यावर पडला तर मडकं गेलंच. वारा असेल तर जाळ एका अंगाला झुकतो, दुसरीकडच्या शेंगा कच्च्या राहतात. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा हवा. फर्निचरचं रंगीत लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आगीत घालायचं नाही. त्याचा धूर पाल्यातून आत शिरतो.

गच्चीचा विषय तिथेच मिटला. काँक्रीटवर थेट जाळ केला की त्यातल्या ओलीची वाफ होऊन ढलपे उडतात, फरशा तडकतात. कोळशाची शेगडी गच्चीवर उघड्यावर चालेल, पण बंद बाल्कनीत किंवा खोलीत कधीच नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत घेरी येते. पोपटीला मातीची जमीन हवी.

"झाली हे कळायचं कसं?" डोंबिवलीकर आता वही काढून बसला होता.

पेणकर म्हणाला, मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्र झालं की झाली. मास्तरांना हे पटेना. थेंब खापरीचा ताप सांगतो, शेंगेचा नाही. खापरी तर दहाव्या मिनिटालाही चर्र करते. पेणकराने जरा विचार केला आणि मान्य केलं की गावातली जाणती माणसं थेंब टाकतात तो अर्ध्या तासानंतर, आणि त्याआधीच त्यांच्या नाकाने सांगितलेलं असतं. सुरुवातीला हिरव्या पाल्याचा कच्चा वास येतो. मग काही वेळ नुसता धूर. आणि मग एकदम ओवा आणि भाजल्या शेंगेचा वास दरवळतो. तो आला की आणखी पाच मिनिटं, मग जाळ बाजूला सारायचा. नुसत्या शेंगा-बटाट्यांचं मडकं ३०-३५ मिनिटांत होतं, कोंबडीचं ४५ धरायचं. जळकट वास आला तर आतलं पाणी संपलंय, मग क्षणभरही थांबायचं नाही.

राख झटकायची, पाणी ओतायचं नाही. तापल्या मडक्यावर गार पाणी पडलं की ते उभं चिरतं. धरायला कोरडं गोणपाट, दुहेरी. ओलं गोणपाट घेतात काही जण, पण ओल्या कापडातून चटका लवकर बसतो, आणि वाफेचा चटका वाईट. दहा मिनिटं मडकं तसंच ठेवायचं, मग काठीने तोंडाचा पाला ओढून परातीत रिकामं करायचं, तोंड आपल्यापासून लांब धरून. शेंगा गरम असतानाच खायच्या. गार झाल्या की दाणा आवळतो आणि साल दाताला चिकटते.

शेवटी मडकी दोन लावायचं ठरलं. एक बिनकोंबडीचं, शाकाहारी मंडळींसाठी, अंडीसुद्धा दुसऱ्यात. दोन्हींत हातभर अंतर, म्हणजे मधूनही लाकूड सारता येईल. बिनकोंबडीचं आधी उतरवायचं. डोंबिवलीकर शेगडी आणणार आहे, पनीर आणि भोपळी मिरचीसाठी, कोळशावर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही या अटीवर. मडकी मास्तर बघून घेणार, वाजवून. आणि तिसरं एक जादा, गाडीत.