पासष्टीनंतर दिव्यांग नोंद टिकवा

‘65 वर्षं झाली की संजय गांधी निराधारमधून श्रावणबाळमध्ये नाव जातं, रक्कम तीच राहते’, असं निराधारांच्या मदतीवरच्या लेखात आहे (या दोन्ही राज्य सरकारच्या दरमहा मदतीच्या योजना, दुसरी 65 वर्षांवरच्यांसाठी). दिव्यांगांसाठी हे अर्धवट आहे. ऑक्टोबर 2025पासून दोन्ही योजनांत दिव्यांगांना महिना 2500 रुपये आहेत, इतरांना 1500. म्हणजे नाव बदलताना दिव्यांग नोंद राहून गेली, तर थेट हजाराचा फटका, तोही औषधांच्या वयात! म्हणून अंधेरी, बोरिवली, कुर्ला, जे तहसील कार्यालय असेल तिथल्या संजय गांधी शाखेत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत द्याच आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. कार्ड तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत आधी वाचा. संपत आली असेल तर फेरतपासणी आधी उरका. दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत.

पैसे थांबले असं वाटलं तर आधी बँक तपासा. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जाबरोबर पासबुक दिलेल्या खात्यात नव्हे. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार जोडून दिलं असेल तर पैसे बहुधा तिथेच पडून असतात. आधार पडताळणीच्या वेळी बोटांचे ठसे झिजल्यामुळे जुळत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनचा आग्रह धरा, माघारी फिरू नका.